केबिनीतला उन्हाळा

“उस्ताद, क्लचच्या दांडीपाशी एक. गियरच्या रबराखाली दोन. आन् एक मोठं हाय, दाराच्या खालच्या कोपऱ्यात.”

पोरगा केबिनीत पालथा पडून ओरडत होता. काचांना आतून गोणपाट लावलेलं, आत मिट्ट काळोख. बाहेर उस्ताद हॅलोजनचा दिवा घेऊन गाडीच्या पोटाखालून इंचाइंचानं फिरवत होते. आत जिथं उजेडाची तिरीप दिसेल तिथं पोरगा खडूनं गोल काढायचा. गेल्या वर्षीच्या एप्रिलातली रात्र, नऊ-साडेनऊचा सुमार, नांदेडमधलं एक गॅरेज. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, कंधारहून त्याची पिकअप घेऊन आलो होतो ते एसी बसवायला, आणि पहिला दिवस उलटला तरी एसीचा एक नटही गाडीला लागला नव्हता.

एकोणीस गोल निघाले. दादानं ते बॅटरीच्या उजेडात एकेक करून बघितले. ज्या केबिनीत बारा वर्षं बसून त्यानं घर चालवलं, मला शिकवलं, बहिणीचं लग्न लावलं, तिच्या तळाला एकोणीस भोकं होती, आणि त्या प्रत्येकातून इंजिनाची धग त्याच्या पोटऱ्यांवर येत होती. “मला वाटायचं उन्हाळा हाय म्हणून तापायलंय,” एवढंच तो बोलला.

कंधारला पाहुणा येतो तो किल्ला बघायला. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा हा भुईकोट, त्याच्या भोवतीचा खंदक, आणि गावाला लागून असलेला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव. हा उन्हाचा मुलूख आहे, इथं राहायचं तर आधी पाणी अडवावं लागतं, हे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी ओळखलं होतं. आजचं कंधार बघायचं असेल तर मात्र पहाटे पाचला रस्त्यावर उभं राहावं. लोह्याकडं, मुखेडकडं, अहमदपूरकडं एकामागून एक पिकअप निघतात. सोयाबीन लातूरच्या आडतीला, अर्धापूरची केळी उदगीरला, येताना खताच्या गोण्या, सिमेंट, पत्रे, पाइप, लग्नसराईत मंडपाचे खांब. आणि जनावरं. लाल कंधारी हे गाईबैलांचं वाण याच मातीतलं. गडद तांबूस रंगाचं, उन्हाला आणि कोरड्या चाऱ्याला चिवट. दादाच्या गाडीतून ही बैलजोडी माळेगावच्या यात्रेला जाते. ते बैल शतकानुशतकांच्या निवडीतून ऊन सोसायला तयार झालेत. पुढं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची अशी तयारी कुणी करून घेतलेली नाही.

मे महिन्यात नांदेड-लातूर पट्ट्यात पारा ४२-४३ वर जाणं ही आता बातमी राहिलेली नाही. पण तो पारा सावलीतल्या हवेचा असतो. पत्र्याचं छप्पर, समोर उभी काच, पायांपुढं एका पत्र्याआड इंजिन, बुडाखाली गियरबॉक्स आणि त्याखाली डांबर, अशा पेटीत दुपारी दोनला काय होतं, ते मी एकदा लातूरपर्यंत दादाच्या शेजारी बसून गेलो तेव्हा कळलं. शंभरेक किलोमीटरची ती वाट. दाराच्या पत्र्याला कोपर टेकवता येत नव्हतं. पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं, तरी पाणी कोमट. दादाच्या डोक्यावर ओला गमछा, खिशात कांदा, आणि शर्टाच्या पाठीवर घाम वाळून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. वहिनी ते शर्ट आधी साध्या पाण्यातून काढायची, मग साबण लावायची. त्या रेघांकडं आम्ही घरचे इतकी वर्षं मळ म्हणूनच बघत आलो, याची मला आज लाज वाटते.

काचा खाली करून वारा घ्यावा, हा सगळ्यांचा उपाय. त्याचं गणित मात्र उलटं आहे. माणसाच्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता ओढून नेतो. हवा ४३ अंशांची झाली की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो. मग घाम वाळणं, हा एकच आधार उरतो. कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून उन्हात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि तेवढं पाणी प्यायलं तर लघवीला गाडी थांबवावी लागते, म्हणून ड्रायव्हर पाणीच कमी पितात. मुतखडा झालेला पिकअपवाला कुठल्याही स्टँडवर विचारलं तर सापडेल. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर गेलं की तो उष्माघात. पण त्याच्या कितीतरी आधी माणसाचं लक्ष ढळू लागतं, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो, समोरची मोटारसायकल उशिरा दिसते. “गाडीत एसी बसवला तर ड्रायव्हर झोपंल” असं सांगणारे मालक मी ऐकलेत. दुपारी अडीचची गुंगी ही उन्हाचीच असते, हे त्यांनी एक फेरी स्वतः मारून बघावं.

सरकारनं हे मान्य केलंय, पण अर्धं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांच्या उन्हात गाडी चालवतात आणि ट्रकची केबिन वातानुकूलित झालीच पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या मालवाहू गाड्यांच्या केबिनीला एसी सक्तीचा झाला. हे काम मोठं आहे आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण एन-२ म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर, बारा टनांपर्यंत. एन-३ म्हणजे बाराच्या वर. आपली पिकअप, छोटा हत्ती, ही सगळी साडेतीन टनांच्या आतली, म्हणजे एन-१. त्यांना हा नियम लागू नाही. आणि जी गाडी आधीच रस्त्यावर आहे, मग ती केवढीही असो, तिलाही नाही. आता काही नव्या पिकअपांत कंपनीच एसी देऊ लागली आहे, तो घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पण कंधार, लोहा, मुखेड, जळकोट भागात जी मालवाहतूक चालते ती दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांवर. त्या विकून नवी घेण्याची ऐपत ज्याची नाही, त्याच्यापुढं एकच वाट राहते : आहे त्याच गाडीला बाहेरून एसी बसवून घेणं.

दादानं ती वाट एकदा चोखाळली होती आणि हात पोळून घेतला होता. २०१८ सालची गोष्ट. एका दुकानात स्वस्तात काम झालं. भंगारातल्या कुठल्याशा कारचा कॉम्प्रेसर, लोखंडी अँगल कापून वेल्डिंगनं केलेला ब्रॅकेट, डॅशबोर्डखाली लोंबकळणारी कूलिंग कॉइल. एका दिवसात गाडी तयार. पहिले आठ दिवस दादा गावात काचा वर करून फिरला. वहिनीला आणि पोरांना बसवून माळाकोळीपर्यंत चक्कर मारून आणली. मग बेल्ट जळू लागला. रबराचा वास केबिनीत येई. चाळिसाव्या दिवशी अहमदपूरच्या अलीकडं चढावर, गाडीत केळी भरलेली असताना, अँगल वेल्डिंगपाशी तुटला. कॉम्प्रेसर पंख्यावर आला, पंख्याचं पातं रेडिएटरमध्ये घुसलं, सगळं पाणी रस्त्यावर. केळी सहा तास उन्हात राहिली आणि व्यापाऱ्यानं निम्म्यानं भाव पाडला. त्या रात्री दादानं तो कॉम्प्रेसर गोठ्यात फेकला तो अजून तिथंच आहे. “एसी आपल्यासाठी नाही” हे वाक्य त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात चाललं.

ही तक्रार एका दुकानाची म्हणून सांगत नाही. जुन्या गाडीला एसी बसवणं म्हणजे खोलीला कूलर लावणं, अशी सगळ्यांचीच समजूत होती. आमची तर होतीच. नांदेडच्या उस्तादांनी ती पहिल्या दिवशी मोडली. दादानं विचारलं, “किती दिवस लागतील?” ते म्हणाले, “भाऊ, एसी एका दिवसाचा. तुमची गाडी एसीलायक करायला चार दिवस.”

एसी करतो काय, हे समजायला फार लांब जायला नको. आपल्या घरचा रांजण तेच करतो. मातीतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगाला वाळतं, वाळताना उष्णता लागते, ती उष्णता ते आतल्या पाण्यातून घेतं आणि पाणी गार होतं. रांजणातलं पाणी हवेत उडून जातं, ते पुन्हा भरावं लागतं. एसीत पाण्याऐवजी गॅस असतो आणि तो उडून जाऊ न देता पुन्हा पुन्हा वापरला जातो. गाड्यांतला नेहमीचा गॅस आर-१३४ए. तो मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये कमी दाबावर तो उकळतो आणि केबिनीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर तो ओढून दाबतो, दाबल्यावर तो तापतो. रेडिएटरच्या पुढं लावलेल्या कंडेन्सरच्या जाळीत बाहेरची हवा त्याची उष्णता घेऊन जाते, तो पुन्हा पातळ होतो, ड्रायरमधून गाळून पुढं जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून सुटतो, आणि परत कॉइलमध्ये उकळतो. थंडी कुठं तयार होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते, एवढाच सगळा व्यवहार.

म्हणूनच उस्तादांना आधी भोकं मोजायची होती. एकीकडं उष्णता उपसायची आणि दुसरीकडं एकोणीस तोंडांनी ती आत येऊ द्यायची, तर कॉम्प्रेसर रात्रंदिवस फिरून मरेल. दुसरा दिवस सगळा त्यातच गेला. क्लच-ब्रेकच्या दांड्यांना नवी रबरं, गियरच्या दांडीला नवा कातडी बूट, दारांना नव्या रबरी पट्ट्या, मागच्या सरकत्या काचेला ब्रश. मग सीट काढून फरशी खरवडली. मातीचा, धान्याच्या भुशाचा, वाळलेल्या शेणाचा एक थर निघाला. बारा वर्षांचा सगळा माल त्यात होता. खाली गंजलेला पत्रा होता, तो झाळून घेतला. त्यावर नमदा, नमद्यावर चांदीच्या कागदाची फोम शीट, इंजिनाकडच्या पत्र्यावर तीच दुहेरी. छताला आतून तेच आणि वरून पांढरा रंग. हे सगळं झाल्यावर, एसीचा अजून पत्ता नसताना, उस्तादांनी दादाला गाडी फिरवून आणायला सांगितलं. दादा देगलूर नाक्यापर्यंत जाऊन आला आणि उतरून पोटऱ्यांना हात लावून बघत राहिला. निम्मी धग गेली होती.

ज्याला एसी परवडत नाही त्यानं इथपर्यंतचं काम तरी करून घ्यावं. आमच्या बिलात या भागाचा वाटा सहाव्या हिश्शाहून कमी होता.

तिसऱ्या दिवशी रेडिएटर. कंडेन्सर त्याच्या पुढं बसतो, म्हणजे केबिनीतून काढलेली उष्णता घेतलेली हवाच इंजिनाच्या रेडिएटरला मिळते. जुन्या गाडीचा रेडिएटर आधीच दमलेला. आमच्याच्या जाळीत किडे, भुसा आणि ऑइलमिश्रित धूळ यांचा लेप बसलेला होता. पाणी मारलं तर काळा चिखल वाहू लागला. तो उघडून नळ्या साफ केल्या, थर्मोस्टॅट बदलला, नवं कूलंट भरलं, कंडेन्सरला स्वतंत्र विजेचा पंखा लावला. अनेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि मग बालाघाटच्या चढावर काटा लाल रेघेवर गेला की लोक म्हणतात, एसीनं इंजिन खाल्लं.

मग तो क्षण आला, जो मी विसरणार नाही. इंजिनाचं डावं अंग डिझेलनं धुताना उस्तादांनी पोराला ब्रश मारायला सांगितलं, आणि ग्रीस-मातीच्या पोपडीखालून चार आटे पाडलेली भोकं उघडी पडली. याच जातीच्या इंजिनावर एसीवाली जीपही निघत होती. ओतीव काम दोघांना एकच. त्यामुळं कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटची जागा आमच्या पिकअपच्या इंजिनावर पहिल्या दिवसापासून होती. बारा वर्षं तिथं माती भरत गेली. जीपमध्ये बसणाऱ्याला जे मिळालं ते पिकअपमध्ये बसणाऱ्याला मिळालं नाही, आणि दोन्हींत चार बोल्टांचंच अंतर होतं. उस्तादांनी आट्यांतून टॅप फिरवून माती काढली आणि त्या जीपचाच ओतीव ब्रॅकेट आणून बसवला. दादानं गोठ्यातल्या अँगलची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “वेल्डिंगचा ब्रॅकेट म्हणजे उधारीवरचं लग्न, भाऊ.”

कॉम्प्रेसर नवा घेतला. पाच पिस्टनचा, बाजारात ज्याला ५०८ म्हणून ओळखतात तो. सॅन्डेन या जपानी कंपनीनं रूढ केलेली ही घडण आज कितीतरी ट्रॅक्टरांवर, जेसीबींवर आणि जुन्या गाड्यांवर दिसते, त्यामुळं तिचे भाग आणि तिची जाण दोन्ही जिल्ह्याच्या गावी मिळतं. एका फेऱ्यात तो सुमारे १३८ घनसेंटिमीटर गॅस ओढतो. क्रँकच्या पुलीला दुसरी खाच बसवली, मधे ताण द्यायला आयडलर. सगळं आवळल्यावर उस्तादांनी पोलादी पट्टी तिन्ही पुल्यांच्या तोंडांवर धरली, एक डोळा मिटला, आणि ब्रॅकेट पुन्हा सैल केला. केसाइतका फरक होता. त्यांनी वॉशर बदलून तो काढला. २०१८ मध्ये आमचा बेल्ट का जळत होता, ते मला तेव्हा कळलं.

विजेचा हिशोब त्यांनी पाकिटाच्या मागं मांडला. ब्लोअर दहा-बारा अँपियर, कंडेन्सरचा पंखा तेवढाच, कॉम्प्रेसरची चुंबकी क्लच चार. म्हणजे पंचवीस अँपियरचा नवा बोजा, तोही जुन्या डायनामोवर आणि रात्री हेडलाइटच्या जोडीला. डायनामो मोठा घेतला. वायर बॅटरीपासून थेट, मधे रिले, प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज. चावीच्या स्विचवरून वायर ओढून ब्लोअर चालवणारे आहेत. पातळ वायर तापते, वितळते, आणि मग गाडीला आग लागल्याचं कळतं. इथं पैसे वाचवू नयेत.

गॅस सगळ्यात शेवटी. आधी नळ्यांत नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा आला, तर तेवढ्यासाठी तो खोलून नवी ओ-रिंग घातली. मग व्हॅक्यूम पंप लावून अर्ध्या तासाच्या वर हवा उपसली, पंप बंद केला आणि उस्ताद जेवायला गेले. “सुई हलली तर मला बोलवा.” आम्ही दोघं भाऊ तास-दीड तास त्या सुईसमोर बसून होतो. हलली नाही. हा व्हॅक्यूम फक्त गळती तपासायला नसतो. नळ्यांतली दमट हवा आत राहिली तर पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं, तेलाशी मिळून आतून धातू खातं. एसीचं तेल हवेतला ओलावा इतका पितं, की उस्तादांनी डबीचं बूच अगदी ओतायच्या वेळी उघडलं आणि लगेच लावलं. गॅस त्यांनी सोनाराच्या धीरानं काट्यावर तोलून भरला. अंदाजानं “मारलेला” गॅस जास्त झाला की दाब वाढतो आणि थंडी कमी होते. लोक मग आणखी गॅस मारतात.

एक इशारा इथंच द्यायला हवा. आर-१३४एच्या नावाखाली स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे मिश्रणगॅस स्वस्तात भरून देणारे आहेत. गार तेही करतात. पण ते पेट घेतात, आणि कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपुढं असते. टाकी कुठली, सील कुणी फोडलं, हे उभं राहून बघावं. आणि खरा गॅससुद्धा हवेत सोडू नये. त्याची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट धरली जाते. किगालीच्या जागतिक करारावर भारतानं २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलंय आणि हे गॅस पुढच्या काळात टप्प्याटप्प्यानं कमी व्हायचे आहेत. ज्या उन्हापासून आपण पळतोय तेच वाढवायचं नसेल, तर गळती असलेल्या गाडीत दरवर्षी गॅस ओतण्यापेक्षा ती गळती एकदा शोधावी.

संध्याकाळी पाचला इंजिन चालू झालं. गेजची खालची सुई चाळिसाच्या जवळ, वरची सव्वादोनशेच्या पुढं. जाळीतून वारा आला. दादानं आधी हात धरला, मग तोंड. काच वर केली. बाहेरचा रस्ता, हॉर्न, गॅरेजचा ठोका, सगळं एकदम लांब गेलं. “आवाज बी गेला की रं,” तो म्हणाला. तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, की उन्हाबरोबर तो बारा वर्षं हा गोंगाटही खात होता.

सगळं मिळून सेहेचाळीस हजार झाले, रेडिएटर आणि डायनामो धरून. रक्कम लहान नाही. आम्ही ती दोन हप्त्यांत दिली. आता दोन उन्हाळे झालेत, तर फायद्या-तोट्याचं खरं खरं सांगतो. कॉम्प्रेसर इंजिनाची तीन-चार अश्वशक्ती खातो. दादाच्या वहीप्रमाणं भरलेली गाडी लिटरला तेरा द्यायची ती एसी चालू असताना बाराच्या खाली देते. पूर्ण लोडवर मोठा चढ आला की तो एसी बंद करतो, माथ्यावर पुन्हा लावतो. बाजारात गाडी उभी असताना थंडी कमी होते, कारण इंजिन सावकाश फिरतं. कंडेन्सरची जाळी दर महिन्याला हलक्या पाण्यानं धुवावी लागते, सोयाबीनच्या हंगामात आठवड्याला. पहिल्या उन्हाळ्यात एक पाइप घासला गेला, क्लिप निसटलेली. बाकी काही नाही.

आणि जमेला काय? दुपारी बारा ते चार तो आधी झाडाखाली गाडी लावून पडायचा. आता हव्या त्या वेळी निघतो, त्यामुळं मे महिन्यात आठवड्याला एक-दोन फेऱ्या जास्त होतात. पाणी पितो. घरी आल्यावर पोरांवर खेकसत नाही. शेवटची गोष्ट वहिनीनं सांगितली, आणि तिच्या मते तेवढ्यासाठीच सेहेचाळीस हजार वसूल आहेत.

दोन सवयी मात्र त्यानं स्वतःला लावून घेतल्या, त्या प्रत्येकानं लावाव्यात. आतलीच हवा फिरवत ठेवून तासन् तास जाऊ नये. लहान बंद केबिनीत श्वासाची हवा जड होते आणि तिनंच डोळे मिटू लागतात. मधून मधून काच उघडावी. आणि इंजिन चालू ठेवून, काचा लावून, उभ्या गाडीत कधीही झोपू नये. सायलेन्सर फुटका असला आणि तळाला भोकं असली, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

आमच्या लहानपणी कंधारात पुण्याच्या बजाज टेम्पोचे मॅटॅडोर होते. त्यांचं इंजिन दोन सीटांच्या मधे, केबिनीतच. ते चालवणारे आमच्या आळीतले काका मांडीखाली ओलं पोतं घेऊन बसायचे, आणि त्यांच्या डाव्या पायाची कातडी कायमची काळवंडलेली होती. आम्ही पोरं त्याला ड्रायव्हरची खूण म्हणायचो. अशा खुणा बाळगणारी ती पिढी गेली. तिच्यानंतर चाळीस वर्षांनी आपण त्याच कामाला तीच किंमत मागत राहावं, याला काही कारण नाही.

दादाची गाडी त्याची स्वतःची आहे, म्हणून निर्णय त्याचा होता. आमच्या भागातल्या पुष्कळ पिकअपांवर मात्र पगारी ड्रायव्हर असतो, विशी-पंचविशीतला, आणि एसीचा निर्णय जो घेतो तो मालक आडतीत पंख्याखाली बसलेला असतो. साडेतीन टनांच्या आतल्या गाडीसाठी कायदा काही सांगत नाही, तोवर हे त्या मालकाच्याच हातात आहे. आधी सोयाबीनची धावपळ असते. मग मार्गशीर्षात माळेगावची यात्रा. यात्रा उठली की एसीच्या गॅरेजांत गर्दी नसते, मार्च लागला की रांग लागते. ज्यांच्या गाडीवर दुसऱ्याचं पोरगं बसतं त्यांनी त्या मधल्या दिवसांत गाडी घेऊन जावं, घाई करू नये, चार दिवस द्यावेत. आणि काम सुरू करायच्या आधी एका रात्री स्वतः केबिनीत आडवं पडून, खालून दिवा फिरवायला सांगून, भोकं मोजून घ्यावीत.